परिशिष्टातला तक्ता

प्रबंध सादर करण्याच्या तोंडावर आमच्या ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात येणाऱ्या संशोधक विद्यार्थ्यांना बहुतेक वेळा एकच गोष्ट हवी असते: आपलं काम याआधी कुणी केलेलं नाही, याची खात्री. ती खात्री मी कधीच देत नाही. कुठे शोधलं, कोणते शब्द वापरले, कोणत्या तारखेपर्यंतच्या नोंदी पाहिल्या, एवढं लिहून देते. पुढचं विधान ज्याचं त्याने करायचं.

ही विद्यार्थिनी मटेरियल्स सायन्सची. सच्छिद्र दगडात सोडियम सल्फेट शिरलं की दगड कसा फुटतो, हा तिचा विषय. दगडाचे ठोकळे द्रावणात बुडवायचे, ओव्हनमध्ये वाळवायचे, पुन्हा बुडवायचे, दर फेरीला वजन घ्यायचं. या क्षाराची दोन मुख्य रूपं. एक निर्जल, थेनार्डाइट. दुसरं पाण्याचे दहा रेणू धरून असणारं, मिराबिलाइट. संपृक्त द्रावणात 32.4 अंश सेल्सिअसच्या खाली मिराबिलाइट टिकतं, वर थेनार्डाइट. वाळलेल्या दगडातलं थेनार्डाइट पुन्हा भिजलं की विरघळतं आणि तेच द्रावण मिराबिलाइटच्या हिशेबाने अतिसंपृक्त, म्हणजे मावेल त्याहून जास्त क्षार धरलेलं, होतं. स्फटिक भराभर वाढतात आणि दगड आतून फुटतो. इथपर्यंतचं सगळं पेपरांमध्ये आहे.

तिचं नवं म्हणणं त्यापुढचं होतं. ओव्हनमधून काढलेले ठोकळे दमट हवेत काही काळ राहिले, तर पुढच्या फेरीत ते कमी फुटतात. 20 अंशांना हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण 76 टक्क्यांच्या वर गेली की थेनार्डाइट वाफ शोषून हळूहळू मिराबिलाइट होतं, आणि मग भिजल्यावर तो अचानक होणारा मारा होत नाही. दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळत नाहीत, त्यामागे ठोकळे टेबलावर किती वेळ पडून होते हेही एक कारण असणार, असा तिचा निष्कर्ष. मला तो फार आवडला. इतक्या साध्या गोष्टीकडे लक्ष जायला माणूस प्रयोगाशेजारी बसलेला असावा लागतो.

पेपर तिने चांगले धुंडाळले होते. प्रबंध मात्र पाहिलेच नव्हते. यात तिचा दोष नाही. प्रबंध कसे शोधायचे हे आपल्याकडे कुणी शिकवत नाही. आणि सगळे प्रबंध एका ठिकाणी असतात, तिथल्या चौकटीत शब्द टाकला की झालं, असा समज मोठमोठ्या प्राध्यापकांचाही असतो.

एका ठिकाणी ते कुठेच नाहीत. प्रोक्वेस्ट या अमेरिकी कंपनीचा संग्रह 1930च्या दशकाच्या अखेरीस मायक्रोफिल्मवर सुरू झाला. त्यातले जुने प्रबंध फिल्मवरून स्कॅन केलेले, त्यामुळे सूक्ष्मदर्शकातली छायाचित्रं निव्वळ काळे डाग होऊन येतात. भारतातल्या शोधगंगेत, म्हणजे विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, प्रबंध प्रकरणांच्या वेगवेगळ्या पीडीएफमध्ये ठेवलेले असतात; सर्च इंजिनमधून थेट पाचव्या प्रकरणात पोहोचलात तर हा प्रबंध कुणाचा, हे कळायला मूळ नोंदीपर्यंत मागे यावं लागतं. फ्रान्सच्या थेसेस डॉट एफआरवर अजून लिहून व्हायचे असलेले प्रबंधही नोंदलेले दिसतात, आणि नवा विषय तपासताना त्याचा मोठा उपयोग होतो. युरोपातल्या विद्यापीठांच्या डार्ट-युरोपमध्ये फक्त खुले, म्हणजे कुणालाही वाचता येणारे प्रबंध. खगोलशास्त्राचे प्रबंध एडीएस या सूचीत सापडतात, कणभौतिकीचे इन्स्पायर या सूचीत आणि सर्न या युरोपीय प्रयोगशाळेच्या स्वतःच्या सर्व्हरवर, भारतातले शेतीचे कृषिकोशात. ब्रिटिश लायब्ररीच्या इथॉस या प्रबंधसूचीत सहा लाखांच्या आसपास नोंदी होत्या. ऑक्टोबर 2023 मध्ये लायब्ररीवर सायबर हल्ला झाला, इथॉस बंद पडलं आणि आम्ही एकेका विद्यापीठाची रिपॉझिटरी, म्हणजे त्याचा स्वतःचा ऑनलाइन संग्रह, स्वतंत्रपणे उघडायला लागलो. एवढा मोठा खजिना एका सर्व्हरच्या भरवशावर होता, हे मला अजून पचलेलं नाही.

यापेक्षा खोलवरची अडचण वेगळीच आहे. अनेक विद्यापीठांचे प्रबंध एकत्र दाखवणाऱ्या बहुतेक साइट्स प्रबंध गोळा करत नाहीत, फक्त त्यांचा मेटाडेटा, म्हणजे प्रबंधाबद्दलची नोंद, गोळा करतात. त्यासाठी ओएआय-पीएमएच नावाचा ठराविक मार्ग आहे आणि त्यातून किमान डब्लिन कोअर या ठरलेल्या नमुन्याची पंधरा खणांची नोंद येते: शीर्षक, लेखक, विषय, वर्णन, तारीख वगैरे. मूळ ग्रंथालयाने विषयाचा खण रिकामा सोडला, तर तो जगभर रिकामाच जातो. परिशिष्टात काय आहे हे त्या पंधरा खणांत कुठेच नसतं. आणि फसलेले, बाजूला ठेवलेले, विषयात न बसलेले प्रयोग असतात ते नेमके परिशिष्टात.

म्हणून मी विषय उलटा धरते. आधी विचारते, हाच प्रकार दुसऱ्या कुठल्या विभागात, कुठल्या कामासाठी घडतो? सोडियम सल्फेटने दगड फुटणं भूरूपशास्त्रात येतं, वाळवंटातल्या खडकांच्या झिजेत. वास्तुसंवर्धनात येतं. मृदाशास्त्रात क्षारपड जमिनींच्या निमित्ताने येतं. आणि सिव्हिल इंजिनिअरिंगमध्ये खडीच्या साउंडनेस टेस्टमध्ये, म्हणजे टिकाऊपणाच्या चाचणीत, येतं: खडी सल्फेटच्या द्रावणात 16 ते 18 तास बुडवायची, 110 अंशांच्या ओव्हनमध्ये वाळवायची, असं पुन्हा पुन्हा करून किती टक्के वजन झडलं ते मोजायचं. तिच्या प्रयोगाचा जवळपास जुळा भाऊ. पण तिच्या विभागातलं कुणी सिव्हिलचे प्रबंध वाचत नाही आणि सिव्हिलवाले तिचे वाचणार नाहीत.

चौकटीत शब्द टाकून काही हाती आलं नाही. मिळालं ते वाळवंटातल्या खडकांवरच्या एका भूगोलाच्या पीएचडीच्या संदर्भयादीतून. संदर्भयादीत ‘अप्रकाशित’ असा शेरा असलेल्या नोंदी मी सर्वांत आधी वाचते. कुणीतरी त्या कुठल्यातरी कपाटातून काढून वाचलेल्या असतात, उगाच कुणी तसा संदर्भ देत नाही. अशीच एक नोंद होती, 1970च्या दशकातल्या सिव्हिलच्या पदव्युत्तर प्रबंधाची. त्या विद्यापीठाच्या रिपॉझिटरीत तो निघाला. शीर्षकात फक्त खडी आणि चाचणी. गोषवारा नाही. कीवर्ड नाहीत. टंकलिखित पानांची नुसती चित्रं, मागे ओसीआरचा, म्हणजे चित्रातून संगणकाने वाचलेल्या मजकुराचा, थर नाही, म्हणजे आत एकही शब्द शोधता येत नाही.

अशा वेळी मी प्रस्तावना वाचत बसत नाही. अनुक्रमणिका, तक्त्यांची यादी, मग ऋणनिर्देश. ऋणनिर्देशात बाहेरच्यांना वाटतात तशा नुसत्या औपचारिकता नसतात. कुणाची प्रयोगशाळा वापरली, कुणी उपकरण दिलं, कुणाच्या सूचनेवरून काय पुन्हा केलं, हे तिथेच खरं लिहिलेलं असतं. या लेखकाने वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या कुणाचे तरी ‘आर्द्रतेच्या डब्यांसाठी’ आभार मानले होते. खडीच्या चाचणीला आर्द्रतेचे डबे कशाला लागतात? मी थेट शेवटच्या परिशिष्टावर गेले.

तिथे एक तक्ता होता. लेखकाच्या काही घाण्यांमध्ये वजन अपेक्षेपेक्षा कमी झडलं होतं आणि त्याने ते आकडे मुख्य हिशेबातून वगळले होते. पण नुसते वगळून तो थांबला नाही. या घाण्या ओव्हनमधून निघाल्यावर सुट्टीमुळे तशाच पडून राहिल्या, असं त्याने तळटीपेत लिहिलंय. मग नवी खडी घेऊन त्याने दोन गट केले. एक गट डेसिकेटरमध्ये, म्हणजे हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात, दुसरा तळाशी पोटॅशियम क्लोराइडचं संपृक्त द्रावण असलेल्या बंद डब्यात. त्या द्रावणामुळे डब्यातली आर्द्रता 85 टक्क्यांच्या आसपास स्थिर राहते. डब्यातल्या खडीचं वजन कमी झडलं. खाली एक ओळ: वाळवल्यानंतरचा काळ आणि हवेतला ओलावा चाचणीच्या पद्धतीत नमूद करायला हवा. थेनार्डाइटचं नाव त्याने घेतलेलं नाही, कारणमीमांसा केलेली नाही. पण निरीक्षण तेच, आणि तपासण्याची रीत अगदी स्वच्छ.

तिला बोलावलं. तिने तक्ता पाहिला, स्वतःच्या वहीतले आकडे शेजारी लावले आणि बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मॅडम, यांनी तर माझा कंट्रोल प्रयोगसुद्धा करून ठेवलाय.” मी तिला सांगितलं की तुझं काम यामुळे लहान होत नाही. त्यामागचं कारण तू शोधलंस, दगड वेगळा, मोजमाप कितीतरी सूक्ष्म, आणि आता तुझ्या बाजूने एक जुना स्वतंत्र पुरावाही उभा आहे. हे मी मनापासून म्हणाले.

तिच्या मार्गदर्शकांचं मत वेगळं पडलं. पीअर रिव्ह्यू, म्हणजे प्रकाशनापूर्वी तज्ज्ञांकडून तपासणी, न झालेला पदव्युत्तर प्रबंध, त्यातही परिशिष्ट, त्याचा संदर्भ द्यायची गरज नाही, असं त्यांनी तिला सांगितलं. माझ्याशीही बोलले. “कुणाला सापडलाच नसता,” हे त्यांचं वाक्य. मला ते फार लागलं. शोधायला अवघड आहे म्हणून एखाद्याचं काम झालंच नाही असं धरायचं, तर आम्ही हे संग्रह कुणासाठी सांभाळतो? आणि रिव्ह्यूचं म्हणाल, तर पदव्युत्तर प्रबंधही परीक्षकांच्या हाताखालून गेलेला असतो.

मी त्यांना गणितज्ञ क्लॉड शॅननचं उदाहरण दिलं. रिले आणि स्विचिंग सर्किटांना बूलीय, म्हणजे खरं-खोटं या दोनच मूल्यांचं, बीजगणित लावणारा त्याचा 1937चा एमआयटीमधला प्रबंध पदव्युत्तरच होता. पुढच्या वर्षी त्यावर पेपर निघाला आणि डिजिटल सर्किटांची रचना त्यावर उभी राहिली. त्याचीच 1940ची पीएचडी आनुवंशिकीच्या बीजगणितावर. ती त्याने प्रसिद्ध केली नाही. 1993 साली त्याचे संकलित लेख निघाले, तेव्हा ती छापून आली. तोवर त्या क्षेत्रातल्या लोकांनी आपापल्या वाटेने मजल मारलेली होती. माणूस एक, विद्यापीठ एक, फरक एवढाच की एका कामाचा पेपर झाला आणि दुसऱ्याचा नाही. सरांनी ऐकून घेतलं. पटलं असं दिसलं नाही.

तिने प्रबंधात त्या तक्त्यावर एक पूर्ण परिच्छेद लिहिला. आधीचं निरीक्षण कुणाचं, कोणत्या पानावर, आपल्या आकड्यांशी कुठे जुळतं आणि कुठे नाही, सगळं. तिथे सरांनी हरकत घेतली नाही. पेपरमधून मात्र तो संदर्भ गेला. कारण दिलं ते नियतकालिकाच्या संदर्भमर्यादेचं. त्याच यादीत सरांचे स्वतःचे पेपर आहेत, ते सगळे राहिले.

मी त्या दूरच्या रिपॉझिटरीला लिहिलं. ओसीआर करा, आणि विषयाच्या खणात एवढे शब्द घाला, म्हणून दगड, खडी, माती आणि इमारत या चारही बाजूंचे शब्द जोडून पाठवले. तिथल्या ग्रंथपालांनी ओसीआर लगेच करून दिलं. विषयाचे शब्द घालायला त्यांच्या समितीची मान्यता लागते. लेखकाच्या नोंदीत नंतर भर घालायची का, यावर त्यांच्याकडे एकमत नाही. त्यांची काळजी मला समजते, पण रिकामा खण हा लेखकाचा निर्णय नव्हता. तो प्रबंध टंकलिखित झाला तेव्हा असा खणच नव्हता.

पेपर सध्या रिव्ह्यूअरांकडे आहे. सुधारित प्रत पाठवताना तो संदर्भ पुन्हा घालणार, असं तिने मला सांगितलंय. पहिली लेखिका तीच आहे. नियतकालिकाशी पत्रव्यवहार सरांच्या नावावर आहे.