धनगराची पोर असून लांडग्याची बाजू का घेते

कर्नाटकातल्या आमच्या अथणीच्या बाजारात भेटा, नाहीतर लग्नाच्या पंगतीत, प्रश्न ठरलेला: "मेंढरं खाणाऱ्या लांडग्याला वाचवायला कायदा कशाला? आणि तू त्याच्या बाजूनं?"

हो, त्याच्या बाजूनं. पण मेंढरू गेल्यावर घरात काय होतं, ते मला कुणी सांगायला नको.

सुगी झाल्यावर आबांनी एका रानात मेंढरं बसवली होती. पहाटे वाघरीचा, म्हणजे मेंढरांभोवती लावलेल्या जाळीचा, एक कोपरा उचकटलेला आणि कोकरं फाडलेली. एक गाभण मेंढी जिवंत होती, पोट उघडं. आबा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. ती गेल्यावरही तिला पुरता येईना, पंचनाम्याआधी हलवायचं नाही म्हणे. दिवसभर उन्हात घोंगडीखाली ठेवली. साहेब आले दुसऱ्या दिवशी. तोवर माग कळपानंच तुडवलेला. कागद कन्नडमध्ये, आबांनी अंगठा दिला. घरी मी वाचला: भटक्या कुत्र्यांनी मारली. म्हणजे भरपाई नाही.

पुढं कुणीतरी लांडग्याच्या बिळात धूर केला, पिल्लं मेली. तेव्हा मला बरं वाटलं होतं. लपवत नाही.

तेव्हाची मी विचारायची, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात लांडगा पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत, वाघाच्या रांगेत, मग आम्ही कुठल्या अनुसूचीत? माणसाच्या जिवाला धोका असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक त्याला मारायची परवानगी देऊ शकतो. मेंढी मेली हे कारण चालत नाही. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बहराइचला लांडग्यांनी मुलं मारली, तेव्हापासून तुम्ही जोरात विचारता. त्यासाठी ही वाट कायद्यात आहेच.

पण कायदा काढून मेंढी वाचेल का? लांडगा ज्याची शिकार करायचा ते काळवीट गेलं, माळावर ऊस आला, खाणी आल्या. सरकारदरबारी माळ म्हणजे पडीक. लांडग्याचा माळ तोच आमच्या चराईचा. तो गिळणाऱ्याला कुणी विचारत नाही, लांडगा तेवढा दिसतो. कर्नाटकात मेलुकोट्याला १९७४ पासून लांडग्यासाठी अभयारण्य आहे, पण ते तिकडं दूर मंड्या जिल्ह्यात. इथला लांडगा आमच्यातच राहणार. कायदा त्याला मारू देत नाही, पण त्याचा माळही राखत नाही. माझं भांडण या अर्धवटपणाशी आहे.

पंचनामा त्याच दिवशी व्हावा आणि कागद मराठीतही मिळावा, एवढं तरी मी मागते. आबांना तेही पटत नाही. ते म्हणतात, पैसे नकोत, चराईचा माळ द्या. आणि लांडग्याचं नाव माझ्यापुढं काढू नको.