कच्च्या पपईचा चीक

एका सिनेमाबद्दल मी गेली पंचवीसेक वर्षं थापा मारत आलोय. कॉलेजात असताना एका फिल्म क्लबात 'द सेन्ट ऑफ ग्रीन पपाया' दाखवला होता. व्हिएतनामी भाषेतला, १९९३ सालचा. खुर्च्या लोखंडी, पंखा खडखडणारा, तरीही विसाव्या मिनिटाला मला जी झोप लागली ती थेट शेवटच्या अर्ध्या तासात उघडली. डोळा लागला तेव्हा पडद्यावर दहा वर्षांची पोर होती, जाग आली तेव्हा तीच पोर विशीची झालेली. नंतर चहाच्या टपरीवर सगळे गंभीर चेहऱ्याने उभे. कोणीतरी विचारलं, "कसा वाटला?" मी म्हणालो, "मधली दहा वर्षं काय खुबीने गाळलीयेत!" तिघांनी माना डोलावल्या. त्या तिघांतला एक तरी जागा होता का, याची मला आजही शंका आहे.

तेव्हापासून मी तो 'पाहिलेल्यां'त मोडतो. अशा सिनेमांबद्दल लोक एक ठरावीक वाक्य बोलतात, मीही बोलायचो: "संथ आहे, पण सुंदर आहे." यातला 'पण' मला नेहमी स्थळं बघायच्या दिवसांतला वाटतो. मुलगी सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस. म्हणजे संथपणा हे व्यंग, आणि देखणेपणा ही त्याची भरपाई.

गेल्या महिन्यात आई राहायला आली होती. रविवारी दुपारी भाचाही टपकला. म्हटलं, आता तरी हा सिनेमा जागेपणी बघू. आईला इंग्रजी सबटायटल्स वाचता येत नाहीत. ती म्हणाली, "लाव तू. माणसंच आहेत ना? कळेल."

गोष्ट एवढीशीच. १९५१ सालचं सायगाव. मुई नावाची खेड्यातली मुलगी एका घरी कामाला येते. घरातली बाई कापडाचं दुकान सांभाळते, नवरा वाद्य वाजवत बसतो आणि एक दिवस घरातले पैसे घेऊन निघून जातो. या बाईची एक मुलगी पूर्वी गेलेली, जगती तर मुईच्याच वयाची असती. वर माडीवर आजी, कायम देवापुढे. दहा वर्षांनी मुई दुसऱ्या घरी जाते, एका पियानो वाजवणाऱ्या तरुणाकडे. तिथून पुढे तर बोलणंही जवळजवळ संपतं.

पंधराव्या मिनिटाला भाच्याने विचारलं, "मामा, नेट गेलंय का?" पडद्यावर मुई मुंग्यांकडे बघत होती. मुंग्या चालत होत्या, म्हणजे नेट होतं. पण हे सगळं सायगाव, ती पानं, तो पाऊस, ती अंगणातली ओल, पॅरिसजवळच्या एका स्टुडिओत उभं केलंय म्हटल्यावर तो ताठ बसला. व्हिएतनामचा एक इंचही त्यात नाही. दिग्दर्शक त्रान आन्ह हुंग लहानपणीच देश सोडून फ्रान्सला गेलेला. कान महोत्सवात पहिल्या सिनेमासाठी देतात तो कॅमेरा द'ऑर त्याला याच सिनेमासाठी मिळाला, आणि ऑस्करचं नामांकन मिळालेला हा व्हिएतनामचा पहिला सिनेमा. भाच्याला पुरस्कारांचं काही नव्हतं. पण पुढचा तासभर तो कुठलं पान खरं आणि कुठलं खोटं ते शोधत होता, आणि कॅमेरा भिंतीपलीकडून जाळीपलीकडे कसा सरकतोय ते मला दाखवत होता. मुईचं काय झालं ते त्याला शेवटपर्यंत नीट सांगता आलं नसतं.

आई मात्र खुर्चीच्या टोकाशी आली होती. मला हे अपेक्षित नव्हतं. म्हातारी मोलकरीण मुईला भाजी परतायला शिकवते, तेव्हा आई पुटपुटली, "तेल तापू दे गं आधी." मालकीण पहिल्यांदा मुईकडे बघते, त्या नजरेवरून एक शब्दही न वाचता तिने सांगून टाकलं, "हिचं मूल गेलंय." आणि मग पपई आली. देठ कापल्यावर पांढरा चीक टपकतो, थेंब थेंब पानावर. नंतर मुई पपई मधोमध कापते. आत पांढऱ्या कोवळ्या बियांची दाटी, मोत्यांसारखी. ती त्यांवरून हलकेच बोट फिरवते. बास, एवढंच. मला माझा घसा दाटल्यासारखा वाटला आणि त्याच क्षणी आई म्हणाली, "हाताला तेल लावलं नाहीये तिनं. खाजेल."

आमच्या कोकणातल्या घरी न्हाणीच्या पाण्यावर पपई वाढायची. कच्च्या पपईची भाजी, कोशिंबीर, आणि कधी मटण शिजेना तर त्यात एक फोड. बेकरीतली लाल-हिरवी टुटीफ्रुटी म्हणजेही कच्ची पपईच. आईने हा सिनेमा हातांनी पाहिला. माझ्यासारखा डोळ्यांनी नाही. तिच्या दृष्टीने त्यात सारखं काहीतरी घडतच होतं: भात उतू जाईल का, फडकं नीट पिळलं का.

चारला मावशी आल्या. लादी पुसता पुसता दारातच थबकल्या. पडद्यावर मुई गुडघ्यांवर बसून फरशी पुसत होती आणि त्या घरातलं धाकटं कार्टं तिला छळत होतं.

"एक ठेवून द्यायला पाहिजे," मावशी म्हणाल्या. मग जरा वेळ बघून, "हिला पगार किती?"

आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. सिनेमात कुठे आलंय का ते मला आठवेना. खरं सांगायचं तर प्रश्नच कधी सुचला नव्हता.

"मालकीण चांगली आहे हो," आई म्हणाली, "लेकीसारखं बघते."

"बघतात सगळ्याच," मावशी म्हणाल्या. "शाळेत घातली का?"

आणि पोछा उचलून त्या आतल्या खोलीत गेल्या. मी पाय सोफ्यावर घेतले होते ते खाली घेतले, मग लादी ओली आहे हे लक्षात आल्यावर पुन्हा वर घेतले.

पुढचा भाग मी जरा वेगळ्याच कानांनी ऐकला. पियानोवाला मुईला अक्षरं शिकवतो तो प्रसंग पूर्वी मी झोपेत घालवला असणार. ती मोठ्याने वाचते, अडखळत. शेवटी ती गरोदर दिसते, पिवळ्या कपड्यांत, हातात पुस्तक. दिग्दर्शकाने जीव ओतलाय त्या चौकटीत. आई उठता उठता म्हणाली, "आता तरी कच्च्या पपईला हात लावू नये म्हणावं."

दुसऱ्या दिवशी मावशी भांडी घासत होत्या. मी चहाचा कप ठेवायला गेलो, तर वर न बघता म्हणाल्या, "त्या पोरीचं काय झालं पुढं?"

"लिहायला-वाचायला शिकली," मी म्हणालो. "तो पियानोवाला आहे ना, त्याने शिकवलं. मूल होणार असतं तिला."

"लग्न केलं का त्यानं?"

"तसं... दाखवलं नाहीये."

मावशींनी पातेलं नळाखाली धरलं.

"मग दोन तास बघितलंत काय तुम्ही?"