पांढरी पाच

दिवाळीच्या सुट्टीत मी ॲम्प्लिफायर बांधला. विकत का नाही आणला, असं घरात तिघांनी विचारलं आणि तिघांनाही मी वेगवेगळं उत्तर दिलं. नाशिकच्या एमजी रोडवरून 4440 आयसीचा, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या चिपचा, बोर्ड आणला, बारा-झिरो-बाराचा ट्रान्सफॉर्मर आणला. डबा मात्र घरचाच. आजीनं तांबट लेनमधून घेतलेला, झाकण सैल झालेला, लाडवांचा पितळी डबा. त्याला मी भोकं पाडली, हा विषय आमच्याकडे अजून मिटलेला नाही.

पहिल्यांदा बटण दाबलं आणि गाणं लागायच्या आधीच स्पीकरमधून आवाज आला. घूं. एकसुरी, अखंड, जणू भिंतीपलीकडे कुणीतरी पिठाची गिरणी टाकली आहे.

आई पंचवटीतल्या एका भजनी मंडळात पेटी वाजवते. ती स्वयंपाकघरातून हात पुसत आली, क्षणभर उभी राहिली आणि म्हणाली, "पांढरी पाच. पण किंचित चढी आहे."

मी हसलो. मग तिनं पेटी काढली, खर्जातली पांढरी पाच दाबून धरली, आणि माझं हसू गेलं. मोबाइलवर मोजलं तर घूं 100 हर्ट्झचा. पेटीचा तो सूर 98 चा. किंचित चढाच.

त्या 100 ला अर्थ आहे. आपल्या घरातली वीज सेकंदाला 50 हेलकावे घेते. तिकडे एकलहऱ्याच्या वीज केंद्रातलं जनित्र मिनिटाला 3000 फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला 50. आणि 2013 च्या डिसेंबरअखेर दक्षिणेची ग्रिड जोडली गेल्यापासून देशभरची जनित्रं याच एका ठेक्यात फिरतात. डायोड, म्हणजे विजेला एकाच दिशेनं सोडणाऱ्या झडपा, प्रत्येक हेलकाव्याचे दोन्ही अर्धे एकाच दिशेला वळवतात, म्हणून 50 चे 100 होतात. (न्यू जर्सीच्या मावसबहिणीकडे वीज 60 ची, म्हणजे तिच्या ॲम्प्लिफायरचा घूं 120 चा. तो काळी पाच आणि पांढरी सातच्या बरोबर मध्ये पडतो, कुठल्याच पट्टीत बसत नाही. हे ऐकून आईला तिची फार दया आली.)

व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी घूं तेवढाच. म्हणजे तो बाहेरून आत शिरत नव्हता, वीजपुरवठ्यातूनच येत होता. दोष माझ्या कंजूषपणाचा होता. कंडेन्सर म्हणजे गच्चीवरची टाकी: नळ थांबून थांबून येतो, टाकीमुळे घरात धार सलग राहते. मी 1000 मायक्रोफॅरडची बादली ठेवली होती. 4700 चा कंडेन्सर डकवला. घूं गेला.

दोन दिवस बोर्ड टेबलावर उघडाच वाजला, मुकाट. तिसऱ्या दिवशी सगळं पितळी डब्यात बसवलं, स्क्रू आवळले, आणि पुन्हा घूं.

"हा तो नाही," आई म्हणाली. "सूर तोच, पण खालच्या सप्तकातला."

एक सप्तक खाली म्हणजे निम्मे हर्ट्झ: 50 चा. म्हणजे डायोडच्या आधीचा, थेट ट्रान्सफॉर्मरचा. दोन हजारांचं यंत्र आणलं असतं तरी त्यानं याहून वेगळं काही सांगितलं नसतं. शिवाय आता व्हॉल्यूम वाढवला की घूंही वाढत होता, म्हणजे यावेळी तो गाण्याच्याच दारानं आत येत होता. शेजारचे काका येऊन म्हणाले, "प्लगची तिसरी पिन काढून टाक, अर्थिंगचा घोळ असतो." घोळ अर्थिंगचा असतो हे खरं, पण धातूच्या डब्याची अर्थिंग तोडून शांतता मिळवायची मला हौस नाही. काकांना चहा दिला.

मग ट्रान्सफॉर्मरचे स्क्रू सैल केले. आई स्पीकरला कान लावून बसली आणि मी लाकडी पट्टीनं ट्रान्सफॉर्मर इंच इंच वळवत राहिलो. "कमी झाला... अजून कमी... थांब, वाढला. मागे घे." तबला लावताना गठ्ठ्यांवर हातोडी चालते, तसंच चाललं होतं. काटकोनात फिरल्यावर घूं निम्म्यावर आला. चुंबकाचा फेर तारांना चुकवून जायला लागला असणार. पितळ त्याला अडवत नाही. मी मात्र डबा आहे म्हणून निर्धास्त होतो.

उरलेला निम्मा रात्री सापडला. इनपुटच्या सॉकेटची बाहेरची कडी डब्याला टेकली होती. आयसी थंड ठेवणारं हिटसिंकही डब्याला टेकलं होतं. आणि या दोघांना जोडणारी शिल्डेड, म्हणजे धातूच्या जाळीच्या वेष्टनाची, वायर मी स्वतः, घूं येऊ नये म्हणून, दोन्ही टोकांना काळजीपूर्वक डकवली होती. झालं एक पूर्ण वेटोळं. ट्रान्सफॉर्मरवर शेकडो वेढे असतात. मी त्याला नकळत आणखी एक वेढा घालून दिला होता आणि त्यातली चिमूटभर वीज थेट इनपुटला पाजत होतो. एकाच जागी जोडलं असतं तर पुरे होतं.

सॉकेटखाली फायबरचे वॉशर घातले. गरजेपेक्षा एकच जास्त असलेला तो जोड तोडायला दहा मिनिटं लागली, सापडायला चार दिवस.

बटण दाबलं. काही नाही. व्हॉल्यूम पूर्ण चढवला, तरी नुसती बारीक सळसळ. मी आईकडे पाहिलं. तिचं लक्ष स्पीकरकडे नव्हतं, ती मान वळवून स्वयंपाकघराकडे ऐकत होती.

"फ्रिज," ती म्हणाली. "त्याचीही पांढरी पाचच आहे. इतकी वर्षं कळलंच नाही बघ."