किल्ली

आज दारात उभी राहून मुलाला म्हणाले, "ते दे रे... ते, कुलपात घालतात ते." शब्द काही केल्या आठवेना. त्याने मुकाट्याने किल्ली दिली. हसला नाही, हेच जास्त लागलं.

रक्तातली साखर एकदम उतरून कोमात गेले त्याला 6 वर्षं झाली. मेंदू मुख्यतः ग्लुकोजवर चालतो, ते फार वेळ मिळालं नाही की त्याला इजा होते. लोक म्हणतात, "आता छान दिसतेस!" दिसतेच हो. पूर्वी साखर उतरली की घाम यायचा, हात थरथरायचे. आता शरीर काही सांगतच नाही. रात्री 3 वाजता, साखर 70च्या खाली गेली की ती मोजणारा अंगावरचा सेन्सर बोंबलतो आणि अख्खं घर उठून बसतं.

संध्याकाळी भांडी घासताना शब्द आपणहून आला. किल्ली. एकटीच होते, तरी मोठ्याने म्हटला.