एका दगडाला दोन भेगा

वाइड लेन्सने पॅनोरमा (बाजूबाजूचे फोटो जोडून केलेला एक रुंद फोटो) काढू नका, ५० एमएमची लेन्स वापरा असं सगळेच सांगतात आणि त्यात तथ्य आहेच, पण मला पायाजवळचा दगड आणि वरचे ढग दोन्ही हवे असतात त्याला काय करू. फुल फ्रेमवर (३६ × २४ मिमी सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ५० एमएम उभा धरला तर खालून वर जेमतेम ४० अंश मावतात, २४ एमएमला तेच ७४. वर शेजारच्या फ्रेम एकमेकींवर ४० टक्के चढवूनसुद्धा (ओव्हरलॅप) १८० अंशांसाठी पाच उभ्या फ्रेम पुरतात.

पहिल्यांदा जोडला तेव्हा लांबचे डोंगर मस्त बसले, आणि पुढच्या दगडाकडे बघतो तर एका भेगेच्या दोन झालेल्या. अर्धा तास सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या. चूक माझीच होती, कॅमेरा ट्रायपॉडच्या स्क्रूवर फिरत होता आणि फिरायला हवा होता लेन्सच्या एंट्रन्स प्युपिलवर, म्हणजे पुढून लेन्समध्ये बघितलं की छिद्र जिथे दिसतं त्या जागेवर (लोक नोडल पॉइंट म्हणतात, ते चुकीचं आहे, पण असू दे). एक डोळा मिटून अंगठा समोर धरा आणि मान हलवा, अंगठा मागच्या भिंतीवर सरकताना दिसेल, तोच हा पॅरलॅक्स. डोंगर लांब असल्यामुळे त्याला फरक पडत नाही, मीटरभरावरच्या दगडाला पडतो.

तो पॉइंट शोधायला मी खिडकीच्या काचेला पेन्सिल उभी चिकटवली, मागे लांब एक खांब होता, दोघं एका रेषेत येतील असा कॅमेरा लावला आणि उजवीकडे फिरवला. पेन्सिल खांबाच्या डावीकडे सरकली की कॅमेरा रेलवर (ट्रायपॉडवर बसणारी, कॅमेरा मागेपुढे सरकवायची पट्टी) मागे घ्यायचा, उजवीकडे गेली तर पुढे, असं करत करत ती हलायची थांबली तिथे रेलवर मार्करने खूण केली. झूम असेल तर प्रत्येक फोकल लेंग्थला (म्हणजे त्या एमएमच्या आकड्याला) खूण वेगळी येते हं.

बाकी नेहमीचंच: एक्स्पोजर, फोकस, व्हाइट बॅलन्स सगळं मॅन्युअल, आणि पोलरायझर (आकाश गडद करणारा फिल्टर) बॅगेतच ठेवा, नाहीतर सूर्यापासून ९० अंशांवरचं आकाश गडद निळं होतं आणि बाकीचं फिकट, तो पट्टा नंतर काही केल्या जात नाही. कॅमेरा लेव्हलमध्ये हवा, खाली झुकवून फिरवलात तर क्षितिज वाकतं. जोडताना रेक्टिलिनियर प्रोजेक्शन (सरळ रेषा सरळच ठेवून चित्र सपाट करायची पद्धत) १२० अंशांच्या पुढे कडा रबरासारख्या ताणतं म्हणून मी सिलिंड्रिकल (चित्र नळकांड्यावर गुंडाळल्यासारखं धरून उलगडणारं) घेतो, त्यात आडव्या सरळ रेषा वाकतात खऱ्या, पण निसर्गात सरळ रेषा असतात किती?

परवा त्याच दगडाशी परत गेलो, सूर्य पाठीशी, खालती आलेला. भेग एकच आली, अगदी केसाएवढी स्वच्छ. सावल्या मात्र दोन आल्या, माझ्याच, कारण फ्रेम घेता घेता मी कॅमेऱ्याभोवती सरकत होतो. हगिनमध्ये (फोटो जोडायचं सॉफ्टवेअर) मास्क मारून, म्हणजे तेवढा भाग झाकून, एक पुसली, दुसरी राहू दिली.