तोहाकुच्या पाइनवृक्षांपुढे

तोक्योत मराठी पर्यटकांची दुभाषी म्हणून काम करताना उएनोच्या राष्ट्रीय संग्रहालयात माझे वरचेवर जाणे होते. मात्र सोळाव्या शतकातला जपानी चित्रकार हासेगावा तोहाकु याची धुक्यातल्या पाइनवृक्षांची शाईतली चित्रे तेथे बारा महिने लावलेली नसतात. सहा-सहा फलकांचे ते दोन घडीचे पडदे बहुधा जानेवारीत थोडे दिवस बाहेर काढले जातात आणि त्या दिवसांत गर्दीही तशीच असते.

पुण्याहून आलेल्या एका गटासाठी सहल कंपनीने दिलेल्या टिपणात एवढेच होते की, तोहाकुचा चित्रकार मुलगा क्यूझो १५९३ मध्ये ऐन तारुण्यात वारला आणि बापाने ते दुःख या धुक्यात ओतले. ही कथा दोन मिनिटांत सांगून होते, म्हणूनच ती सर्वत्र चालते. चित्रावर तारीख नसताना असे ठामपणे सांगणे मला पटत नाही.

मी लोकांना आधी काचेजवळ नेते. तेथून झाडे दिसतच नाहीत. राठ कुंचल्याने वरून खाली, तिरपे, एकावर एक ओढलेले काळ्याकुट्ट शाईचे फटकारे दिसतात आणि पाइनची सुई म्हणून वेगळी काढता येईल अशी रेघ क्वचितच सापडते. मागे सरकत गेले की त्याच फटकाऱ्यांची झाडे होतात, फिकट शाईतली झाडे दूर जातात आणि मधला कोरा कागद धुके होतो. त्या धुक्यातल्या एकांताविषयी मी तेथे बोलते. डाव्या पडद्यावर वरच्या भागात एक हिमाच्छादित डोंगर जेमतेम जाणवतो. तो मी कधीही बोटाने दाखवत नाही. ज्याला दिसतो त्याचा चेहराच ते सांगतो.

त्या दिवशी गटातले एक निवृत्त चित्रकला शिक्षक मागे सरकायलाच तयार होईनात. ते म्हणाले, "ताई, धुक्यातला एकांत तुम्ही म्हणता तो खरा, पण हा हात शांत माणसाचा नाही."

मी त्यांना सांगितले की, कागदाचे जोड नीट जुळत नाहीत आणि चित्रावरचे नावाचे शिक्केही तोहाकुच्या नेहमीच्या शिक्क्यांहून वेगळे आहेत, त्यामुळे हे एखाद्या मोठ्या कामाचे कच्चे चित्र असावे आणि पुढे कोणीतरी ते पडद्यांवर चढवले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. तसे असेल, तर झाडांमधली जी मोकळी जागा पाहून आपण एकांत म्हणतो, तिच्यात पडदे जुळवणाऱ्याचाही वाटा असणार.

"मग तर माझेच म्हणणे खरे ठरते," ते म्हणाले. "गिऱ्हाइकाला द्यायचे चित्र असते तर त्याने हात आवरला असता."

हे उत्तर माझ्या मनातून अजून जात नाही, कारण आवरलेला हात कसा असतो ते क्योतोच्या चिशाकु-इन मंदिरात पाहता येते. जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याचा लहानगा मुलगा १५९१ मध्ये वारला, त्याच्या स्मरणार्थ बांधलेल्या मंदिरासाठी तोहाकु आणि त्याच्या चित्रशाळेने काढलेली चित्रे आता चिशाकु-इनमध्ये आहेत. त्यांतला मेपल वृक्ष तोहाकुचा आणि बहरलेली चेरी क्यूझोची मानली जाते. दोन्हींची पार्श्वभूमी सोन्याच्या वर्खाची आहे, खाली फुले आहेत, धुके कोठेही नाही. एका मृत मुलासाठी तोहाकुने काय रंगवले याचा खात्रीचा पुरावा हवा असेल तर तो येथे, या झळाळीत आहे. राखाडी धुके दिसले की शोक आणि एकांत, हे समीकरण आपण पाहणारे मांडतो. तरीही काचेजवळ गेले की त्या शिक्षकांचेच म्हणणे मला पटू लागते, आणि कंपनीला टिपण बदलून द्यायचे तर शाईच्या त्या फटकाऱ्यांविषयी काय लिहावे, हे माझे अद्याप ठरलेले नाही.