मॅडम, आता सगळं तुमच्या हातात

काल एक काकू क्लिनिकमधे आल्या आणि खुर्चीत टेकता टेकताच म्हणाल्या, "मॅडम, आता सगळं तुमच्या हातात हं." हे मी रोज ऐकते आणि खरं सांगू, आता जरा चिडायलाच होतं, कारण माझ्या हातात काय तर फार फार सहा महिन्यातून अर्धा तास, तोही पेशंट आला तर (या काकू तीन वर्षांनी उगवल्या होत्या, दाढ ठणकली म्हणून).

हिरड्या लाल, सुजलेल्या. विचारलं तर म्हणाल्या, "घासताना रक्त येतं, म्हणून तिथे ब्रशच लावत नाही." झालं! अहो रक्त येतं तेच मुळी तिथे घाण साचून हिरडी सुजल्यामुळे, आणि आपण नेमकी तीच जागा सोडतो, मग अजून साचतं, अजून रक्त.

मग लेक्चर न देता मी त्यांच्या दातांना लाल रंगाचं औषध लावलं. चूळ भरली की बाकीचा रंग निघून जातो, प्लाक, म्हणजे दातांवर साचलेला जंतूंचा चिकट थर, असतो तिथे राहतो. आरसा त्यांच्याच हातात दिला. पुढचे दात बऱ्यापैकी स्वच्छ, पण हिरडीलगत सगळीकडे गुलाबी रेघ आणि खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू तर रंगपंचमीच! काकू आरसा वाकडातिकडा करून बघतायत, "अगंबाई, सकाळी घासून आले की हो मी!"

नवा सॉफ्ट ब्रश दिला, म्हटलं आता इथेच घासून दाखवा. त्या सुरू झाल्या, तांब्याची कळशी घासावी तशा, आडव्या, जोर लावून. म्हटलं थांबा, ब्रश हिरडीकडे तिरका धरा, साधारण ४५ अंशात, हलक्या हाताने छोटे छोटे गोल, आणि जरा वेळ द्या, २ मिनिटं तरी. आरशात बघत बघत त्यांनी स्वतःच तो गुलाबी रंग काढला, थोडं रक्त आलं, तरी थांबल्या नाहीत.

आत जमलेलं कीटण मात्र ब्रशने निघत नाही, प्लाक वेळेत काढला नाही की तो दगडासारखा होतो, ते मलाच काढावं लागलं. क्लीनिंग केलं की दात हलतात ही भीती त्यांनाही होतीच. दात आधीच सैल झालेले असतात, कीटणाने नुसते धरून ठेवलेले असतात, हे मी दिवसातून चारदा सांगते. (आणि मिश्री लावणाऱ्यांना वेगळं सांगते, तो तंबाखूच आहे, दात साफ करायची पावडर नाही.)

दोन आठवडे रोज दोनदा असंच घासा, फ्लोराइडवाली पेस्ट वापरा, तरी रक्त थांबलं नाही तर दाखवायला या, असं सांगून दाढेच्या एक्सरेचं बघायला लागले, तर काकू हळूच म्हणतात, "मॅडम, ते लाल औषध घरी मिळेल का हो थोडं? आमच्या ह्यांचं दाखवायचंय त्यांना."